वेंडेलमावशीचा चेहरा

हार्लेममध्ये वेंडेलमावशीच्या हातून जन्माला न आलेली माणसं दोनच प्रकारची. एक बाहेरगावाहून आलेली आणि दुसरी तिच्याहून म्हातारी. सुईणपण करत तिने इतकी वर्षं गाव पालथं घातलं होतं, की भर बाजारात एखादा दाढीवाला कप्तान समोर आला तरी ती विचारायची, "काय रे, पायाळू ना तू? आईला फार छळलंस हो." आणि तो कप्तान बिचारा टोपी काढून कानापर्यंत लाल व्हायचा.

तिचं चित्र काढून घ्यायचं हे ओटिलियाबाईंच्या डोक्यात आलं. ओटिलियाबाई म्हणजे नदीकाठच्या मोठ्या बिअरवाल्यांची बायको. पोरांचं लेंढार, आणि सगळी वेंडेलमावशीच्या हातची. एके सकाळी त्या आमच्या घरात शिरल्या, माझ्या पोटाकडे बघून "झालंच की आता" म्हणाल्या आणि थेट माझ्या नवऱ्याच्या टेबलापाशी गेल्या. माझा नवरा वायब्रांट तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरून कागदावर छापायचा.

"हे बघ वायब्रांट, रंगाचं चित्र केलं तर ते एकाच भिंतीवर राहणार. मग ते कोणाच्या भिंतीवर, यावरून आम्ही बायका एकमेकींच्या झिंज्या उपटणार. तुझं बरं आहे. पत्रा एक आणि ठसे हवे तितके. जिची जिची बाळंतपणं तिने केली, त्या प्रत्येकीच्या घरात मावशी लागली पाहिजे."

"पण मावशी बसेल का?" वायब्रांटने विचारलं.

"बसेल की. न बसायला काय झालं?"

बसवणं सोपं नव्हतं. पहिल्यांदा तिला निरोप धाडला तेव्हा उत्तर आलं, माझ्या थोबाडाची छापील प्रत काढायला मी काय पळालेली चोर आहे? दुसऱ्यांदा ओटिलियाबाई स्वतः गेल्या आणि रडल्या. बायका रडायला लागल्या की मावशीचा हात आपोआप त्यांच्या पाठीवर जायचा. तशी ती कबूल झाली.

आली ती ओळखूच येईना. ओटिलियाबाईंच्या सासूची जुन्या चालीची, जात्याच्या पाळीएवढी पांढरी चुणीदार कॉलर गळ्यात. खळ इतकी कडक, की मान वळवायची तर अख्खी मावशी वळायची. खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवले, ओठ मिटले आणि थिजली. रोज गल्लीतून ओरडत जाणारी, दारातूनच "पाणी ठेवा, नवऱ्याला बाहेर काढा" असं फर्मावणारी बाई कुठे गेली कुणास ठाऊक. समोर चर्चमधल्या खांबावर कोरलेलं कुणीतरी बसलं होतं.

"मावशी, जरा मोकळं बसा की," वायब्रांट म्हणाला.

"मोकळीच बसलेय," ओठ न हलवता ती म्हणाली.

"काहीतरी बोला तरी."

"बोलले तर वाकडं येईल."

"नाही येणार."

"तुझं नाक आलंय ना वाकडं? तू लेडनचा. तिकडच्या सुइणी घाईच्या. माझ्या हाताखालून आला असतास तर तिथल्या तिथे चिमटीत धरून सरळ केलं असतं."

एवढं बोलली तेवढ्यापुरती ती मावशी होती. वायब्रांटने सुई उचलली की पुन्हा खांब.

तरी त्याने पत्रा पुरा केला. काम चोख होतं, ते नाकारून चालणार नाही. कॉलरची एकेक चुणी मोजून घ्यावी अशी होती. तिच्या डाव्या गालावरची चामखीळ उलटी उमटू नये म्हणून आरशात बघून काढली होती, कारण पत्र्यावर जे डावीकडे ते कागदावर उजवीकडे येतं. नेमका पहिला ठसा निघाला त्याच दिवशी बेकरीवाल्यांची बार्त्ये पाव द्यायला आली. ओल्या कागदासमोर उभी राहून तिने मान वाकडी केली.

"सुंदर आहे हो. कोण आहे ही?"

वायब्रांट मटकन खाली बसला.

त्यानंतर दुसरा पत्रा झाला. त्यात मावशीला हसवायचं ठरलं. मी पडद्याआडून नवऱ्याची नक्कल करून दाखवली, तशी ती हसली. पण सुई टेकायच्या आत हसू गोठलं आणि मागे नुसते दात राहिले. तो ठसा बघून धोबीमैदानावरची माख्तेल्ट म्हणाली, "हिला दाढदुखी आहे का?" माख्तेल्ट आमची शेजारीण. तिचा नवरा गावाबाहेर वाळूच्या टेकड्यांपाशी कापड पांढरं करण्याचं काम करायचा आणि ती स्वतः तोंडाने फटकळ होती. पण ती खोटं बोलली नव्हती.

वायब्रांटला रात्री झोप येईना. "डाउफ्ये," तो मला म्हणायचा, "चामखीळ जागेवर आहे, हनुवटी आहे, डोळ्यांखालच्या पिशव्या आहेत. सगळं आहे. मग ती का नाहीये?"

मला काय माहीत? मी आपली पोट सावरत कूस बदलायची.

तिसऱ्या पत्र्याच्या बैठकीला मावशी आली ती कुरकुरतच. तोवर माझे दिवस भरत आले होते. वायब्रांट पत्र्यावर मेणाचा लेप देऊन, मेणबत्तीच्या धुराने तो काळा करत होता. मी मावशीच्या कॉलरला टाचण्या लावत होते आणि मध्येच माझ्या हातातली टाचणी खाली पडली.

मावशीने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी ती कॉलर मानेवरून ओढून काढली आणि खुर्चीवर फेकली.

"किती वेळापासून?"

"सकाळपासून थोडं थोडं," मी म्हणाले. "मला वाटलं आधी बैठक होऊन जाऊ दे."

"बैठक!" मावशी ओरडली, आणि काय सांगू, त्या एका शब्दासरशी ती परत आली. "नवरा चित्रकार असला म्हणून बायकोने अक्कल गहाण टाकायची? वायब्रांट, ऊठ! पाणी तापव. बार्त्येला हाक मार, माख्तेल्टला हाक मार. आणि ते काळं फडकं हातातून टाक, पोराच्या अंगाला लागेल!"

वायब्रांट धावला. पुढचं मला माख्तेल्टने नंतर सांगितलं, कारण मला शुद्ध असली तरी लक्ष नव्हतं. मावशीने म्हटलं, पसरट भांड्यात पाणी आण. त्याने समोर दिसली ती परात उचलून आणली. मावशी हात बुडवायला वाकली, एकदा हुंगलं आणि दोन पावलं मागे सरली. सुईने ओढलेल्या रेघा ज्याने पत्र्यात खोल खायच्या, त्या तेजाबाची परात होती ती!

"अरे गाढवा! पोर जन्माला घालायचंय, छापायचं नाहीये!"

त्याला बाहेर काढून दाराला कडी लावण्यात आली. तो बाहेर पायरीवर बसला, आणि गल्लीतल्या येणाऱ्याजाणाऱ्याने त्याला धीर द्यावा असा त्याचा चेहरा होता म्हणे. मी आत होते. दुखण्याबद्दल मी काही सांगणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. पण एक सांगते. मध्येच कळ ओसरली, तेव्हा मी डोळे उघडले. मावशीचा तळवा माझ्या पोटावर होता. ती ओरडत नव्हती, हसत नव्हती, माझ्याकडे बघतही नव्हती. तिचे डोळे मिटलेले होते, मान जराशी कललेली, तोंड किंचित उघडं. पलीकडच्या खोलीत कुणीतरी हळू आवाजात बोलतंय आणि आपल्याला ते नीट ऐकायचंय, तसं. तिच्या त्या तोंडाकडे बघून मला वाटलं, आता सगळं ठीक होणार. मग पुढची कळ आली आणि मी तिला वाट्टेल ते बोलले.

दुपारच्या उन्हात मुलगी झाली. नाक सरळ होतं. मावशीने ते पहिल्यांदा तपासलं.

मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सगळं झालं. दारावर लेस लावलेली फळी टांगली, मुलगी म्हणून लेसखाली पांढरा कागद. वायब्रांटच्या डोक्यावर नव्या बापाची झालरीची टोपी चढली. ती त्याला इतकी आवडली, की ती घालूनच तो बाजारात जाऊन आला. मला पहिल्यांदा अंथरुणात उठून बसता आलं, तेव्हा बायकांना जेवायला बोलावलं. अंडी, साखर, दालचिनी घालून ऊन केलेली वाईन, पांढरा पाव, लोणी, बडीशेपेच्या साखरगोळ्या. बाळंतिणीच्या नावाने गावभरच्या बायका पितात, आणि बाळंतीण गादीवरून बघत बसते.

ओटिलियाबाई आल्या, बार्त्ये आली, माख्तेल्ट आली. मावशी स्वयंपाकघरात होती. वाईनमध्ये दालचिनी कमी पडली म्हणून कुणाला तरी फैलावर घेत होती. तेवढ्यात ओटिलियाबाईंचं लक्ष दोरीवर वाळत घातलेल्या ठशांकडे गेलं.

"हे काय रे? मी मावशीचं सांगितलं होतं, तू कुणा बिशपच्या आत्याचं काढलंस?"

वायब्रांटने झालरीची टोपी सरळ केली. "तुम्हीच सांगा मग मावशी कशी दिसते. मी थकलो."

बस्स. सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"ती ओरडते. तोंड असं उघडून," बार्त्ये म्हणाली. "माझ्या थोरल्याच्या वेळी ओरडली ते भट्टीतल्या नोकरांनी ऐकलं."

"छे! ती गाते," माख्तेल्ट म्हणाली. "माझ्या वेळी गात होती. अश्लील होतं, पण गात होती."

"माझ्या घरी ती कधी गायली नाही," ओटिलियाबाई म्हणाल्या.

"तुमच्या घरी छताला सोनेरी फुलं आहेत, बाई. तिथे अश्लील कसं गाणार?"

"ती कठोर आहे," ओटिलियाबाई म्हणाल्या.

"कठोर? माझ्या धाकट्याच्या वेळी माझ्याबरोबर रडली ती," बार्त्ये म्हणाली.

वायब्रांट आळीपाळीने एकेकीच्या तोंडाकडे बघत होता. त्याची दशा अशी, की दहा जणांनी दहा वाटा दाखवाव्यात आणि नदीवर पूल एकच असावा. मला त्याची दया आली. मी गादीवरूनच म्हणाले, "तिचे डोळे मिटलेले असतात."

कुणाला नीट ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले, "पोटावर हात ठेवते ना, तेव्हा. डोळे मिटते. आणि मान अशी करते."

मी मान कलवून दाखवली.

"हो गं," माख्तेल्ट हळूच म्हणाली. तिला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"तोंड थोडं उघडं," बार्त्ये म्हणाली. "मला वाटलं तिला डुलकी लागली. मी लाथ मारली तिला."

ओटिलियाबाईंनी पेला खाली ठेवला. "मला वाटायचं, माझ्यासाठीच ती देवाला काही मागते आहे," त्या म्हणाल्या. "मी हे कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, ते फक्त माझ्याच वेळी झालं."

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. प्रत्येकीला वाटत होतं की ते फक्त आपल्याच वेळचं, आपलं एकटीचं. आणि मग सगळ्यांना एकदम हसू फुटलं. बार्त्येच्या घशात साखरगोळी अडकली तेव्हा कुठे हसू थांबलं.

वायब्रांट मात्र हसत नव्हता. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. बैठकीच्या दिवशी काळा करून ठेवलेला तो तिसरा पत्रा तसाच होता. तो त्याने गुपचूप काखेत मारला.

"मावशी," त्याने हाक मारली, "जरा इकडे या. बसा, आणि डोळे मिटा बघू."

मावशी एप्रनला हात पुसत आली. "का? मेले का मी?"

"मिटा तर."

तिने मिटले. ते इतके गच्च मिटले, की कपाळाला आठ्या पडल्या आणि नाक वर गेलं. माख्तेल्ट म्हणाली, "आता हिला खरंच दाढदुखी आहे."

"मला कामं आहेत," असं म्हणून मावशी उठायला लागली. तेवढ्यात पाळण्यातली आमची मुलगी किंचाळली. नुसती रडली नाही, किंचाळली. गुडघे पोटाशी घेऊन, तोंड बीटासारखं लाल. मी उठायला गेले, पण मावशी आधीच पाळण्यापाशी होती. तिने पोरीला मांडीवर घेतलं, दुपटं सोडलं, आणि आपला तो रुंद, लाल तळवा तिच्या पोटावर ठेवला.

आणि तिचे डोळे मिटले.

मी वायब्रांटकडे पाहिलं. तो खिडकीपाशी जमिनीवरच बसला होता. गुडघ्यावर पत्रा, हातात सुई, डोक्यावर झालर. सुई मेणातून जाताना अगदी बारीक आवाज करते, वाळलेलं पान फरशीवरून सरकावं तसा. मावशीने तो ऐकला असता तर संपलंच असतं. पण ओटिलियाबाई बिअरच्या कारखान्याची मालकीण उगीच नव्हत्या. त्यांनी अगदी शांत, सपाट आवाजात बार्लीबद्दल बोलायला सुरुवात केली. यंदाची बार्ली, गेल्या साली भिजलेली बार्ली, फ्रीजलंडची बार्ली. बार्त्ये आणि माख्तेल्ट माना डोलावत "हो ना, हो ना" करत राहिल्या. दोघींना बार्लीत काडीचा रस नव्हता. मुलगी किंचाळत होती. मावशीचा तळवा हळूहळू फिरत होता, थांबत होता, पुन्हा फिरत होता. आणि ती ऐकत होती.

मग आमच्या मुलीने एवढ्याशा देहातून असा आवाज काढला, की बार्लीसकट सगळं थांबलं.

"वारा," डोळे उघडून मावशी म्हणाली. "धरला होता पोटात. आई कोबी खाते आणि लेक भोगते. कोणी दिला हिला कोबी?" तिची नजर फिरत फिरत वायब्रांटवर आली. "आणि तू तिथे जमिनीवर काय करतोयस?"

"झालं, मावशी," वायब्रांट म्हणाला.

त्या पत्र्यावर फार थोड्या रेघा होत्या. डोक्याचा साधा रुमाल, तोही अर्धा. खांदा एका फटकाऱ्यात. खाली तळवा, आणि तळव्याखाली काय आहे ते काढलेलंच नाही, नुसता कोरा कागद. सगळं काम काय ते पापण्यांपाशी आणि उघड्या ओठांपाशी. दुसऱ्या दिवशी वायब्रांटला त्यात मागे पडदा घालावासा वाटला, खाली लॅटिनमध्ये दोन ओळी घालाव्याशा वाटल्या. मी बाळ त्याच्या हातात दिलं आणि पत्रा माझ्या उशाखाली ठेवला. बाळ माझ्याकडे परत आलं तेव्हा पत्रा तेजाबात गेला, जसा होता तसा.

पहिला ठसा ओटिलियाबाईंना दाखवला. मला धाकधूक होती. कुणाचंही चित्र डोळे मिटलेलं काढत नाहीत, बघणारा म्हणणार मेल्यावर काढलंय. त्यांनी कागद उजेडाकडे धरला. मग म्हणाल्या, "लोक काय म्हणतील ते म्हणोत. माझ्या घरात हे लागणार. दिवाणखान्यात नाही. माझ्या पलंगापाशी."

तसंच झालं. घरोघर ते गेलं, आणि पाहुण्यांना दिसेल अशा भिंतीवर फारसं कुणी लावलं नाही. बायकांनी ते बिछान्यापाशी लावलं, कपड्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं, बार्त्येने तर पिठाच्या पेटीवर. बऱ्याच महिन्यांनी माख्तेल्ट धावत आली. "डाउफ्ये! चामखीळ उजव्या गालावर आहे!" खरंच होतं. त्या दिवशी आरसा कुणाला आठवणार? पत्र्यावर डाव्या गालावर काढली आणि कागदावर उजव्या गालावर आली. तोवर अर्ध्या गावाच्या घरात मावशी लागली होती आणि एकीच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. माख्तेल्ट स्वतः रोज बघत होती. वायब्रांटने दुरुस्त करू का विचारलं. ती म्हणाली, "खबरदार."

राहिली मावशी. ती बघायलाच तयार नव्हती. ज्या घरात जाईल तिथे स्वतःला भिंतीवर बघून पाठ फिरवायची आणि म्हणायची, आधी ते काढा, मग बाळंत व्हा. शेवटी एकदा माझ्या मुलीला दात येत होते म्हणून ती घरी आली असताना मी ठसा तिच्यासमोर टेबलावर ठेवला आणि वर जळती मेणबत्ती ठेवली, म्हणजे उचलून फेकता येऊ नये.

तिने बघितलं. आधी चोरून, मग सरळ.

"ही मी नव्हे," ती म्हणाली.

"तुम्हीच आहात, मावशी. सगळं गाव सांगतंय."

"मी नव्हे गं. ही माझी आई."

ती खुर्चीत बसली. मी तिला असं कुणी न सांगता बसताना पहिल्यांदाच पाहिलं. तिने बोटाने कागदावरच्या पापणीवरून हवेतच एक रेघ ओढली.

"टेक्सेल बेटावर आमच्या गायी होत्या," ती म्हणाली. "गाय अडली की आई गोठ्यात जायची. मी कंदील धरायचे. ती गायीच्या पोटावर हात ठेवायची आणि अशी, हुबेहूब अशी डोळे मिटून उभी राहायची. मी विचारायचे, आई, काय ऐकतेस? ती म्हणायची, गप बस, वासरू सांगतंय." मावशीने नाक पुसलं. "तिला जाऊन किती वर्षं झाली. मला तिचा चेहरा आठवत नव्हता गं. मी प्रयत्न करायचे. रुमाल आठवायचा, हात आठवायचे. चेहरा नाही. आणि हा लेडनचा वाकड्या नाकाचा मेला कुठून शोधून काढतो?"

माझी मुलगी मावशीच्या मांडीवर तिचं बोट चावत होती.

जाताना मावशीने दोन ठसे मागून घेतले. एक स्वतःला आणि एक टेक्सेलवरच्या भावाला. कागद गुंडाळून काखेत मारले, दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"डाउफ्ये, ते गायीचं कुणाला सांगू नकोस हं. विशेषतः त्या ओटिलियाला. तिला वाटतं मी तिच्यासाठी देवाला काही मागत होते."

मी शपथ घेतली. शपथ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकली. ओटिलियाबाईंनी ऐकलं, तोंडावर रुमाल धरला आणि खांदे हलेपर्यंत हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "गाय तर गाय. माझी सगळी पोरं जिवंत आहेत." आणि धाकट्या सुनेचे दिवस भरत आले होते म्हणून तिच्यासाठी आणखी एक ठसा घेऊन गेल्या.